सहा खुर्च्यांचं जॅकपॉट टेबल: पाच रुपयांच्या ड्रॉपचा हिशेब

बेळगावात वडगावला राहणारा, उद्यमबागेत हायड्रॉलिकचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघणारा तिशीतला माणूस. पगार ३२ हजार. काळ २०२४-२५ या आर्थिक वर्षाचा, म्हणजे पैशाचं ऑनलाइन पोकर देशात उघड चालू होतं तेव्हाचा. रात्रीचं जेवण झाल्यावर आणि रविवारी मिळून तो महिन्याला ४० तास नो-लिमिट होल्डेम (हातात दोन पत्ते, बोर्डवर पाच सामाईक, बेटला वरची मर्यादा नाही) खेळतो. ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी दोघांनी लावायची सक्तीची रक्कम, ५/१० रुपये, सहा खुर्च्यांचं टेबल, एका वेळी चार टेबलं. एका टेबलावर तासाला ७५ डाव धरले तर चारांवर ३००, महिन्याला १२ हजार आणि वर्षाला १ लाख ४४ हजार डाव होतात. साध्या टेबलांवर रेक, म्हणजे चालवणारा पॉटमधून (डावात जमलेल्या पैशातून) कापतो ती फी, वजा जाता १०० डावांमागं तो ४ मोठे ब्लाइंड, म्हणजे ४० रुपये कमावतो. महिन्याचे झाले ४,८०० रुपये.

माणूस आणि त्याचे आकडे गणितासाठी उभे केले आहेत. जिंकणारा खेळाडू मुद्दाम घेतला, कारण हरणाऱ्याला जॅकपॉट परवडतो का हा प्रश्नच पडत नाही; त्याचे पैसे कोणत्याही टेबलावर जायचेच.

त्याच्यापुढचा प्रश्न असा. लॉबीत, म्हणजे टेबलांच्या यादीत, साध्या टेबलांच्या शेजारी ‘बॅड बीट जॅकपॉट’ची (खूप मोठा हात येऊनही हरलेल्याला बक्षीस देणारी) टेबलं दिसतात आणि वर जमलेल्या बक्षिसाचा ९ लाखांचा काउंटर पळत असतो. रेक दोन्हीकडं सारखाच. जॅकपॉट टेबलावर मात्र १०० रुपयांच्या वर गेलेल्या प्रत्येक पॉटमधून जॅकपॉटसाठी आणखी ५ रुपये निघतात; हाच ड्रॉप. तिकडं बसावं का?

ड्रॉप मोजताना बहुतेकांची चूक इथंच होते. पाच रुपये म्हणजे अर्धा ब्लाइंड, त्यात काय एवढं, असं वाटतं. सहा जणांच्या टेबलावर १०० डावांपैकी ४० पॉट १०० रुपयांच्या वर जातात असं धरू. टेबलावरून २०० रुपये गेले, म्हणजे माणशी ३३ रुपये ३३ पैसे. मोठ्या ब्लाइंडच्या भाषेत १०० डावांमागं ३.३३. आपला माणूस कमावतो ४, त्यातले ३.३३ ड्रॉपला गेले. महिन्याच्या ४,८०० पैकी ४,००० रुपये जॅकपॉटच्या डब्यात आणि ८०० हातात. वर्षाचा ड्रॉप ४८ हजार, म्हणजे दीड महिन्याचा पगार.

नेमका आकडा हवा असेल तर टेबलाची सरासरी सोडून स्वतःचे जिंकलेले पॉट मोजावेत. ड्रॉप पॉटमधून कापला जातो, त्यामुळं तो भरतो जिंकणारा. आवळून खेळणारा ४० पैकी साडेपाचच पॉट जिंकत असेल तर त्याचा ड्रॉप १०० डावांमागं साडेसत्तावीस रुपये पडतो, महिन्याला ३,३००. जॅकपॉट फुटल्यावर बसलेल्यांना मिळणारा वाटा मात्र त्याला इतरांएवढाच मिळतो. या रचनेत शांत बसणाऱ्याला थोडी सवलत आहे हे खरं. डावांच्या नोंदींची फाइल डाउनलोड केली तर रेक आणि जॅकपॉट वेगवेगळे लिहिलेले असतात. त्यातले १० हजार डाव घेऊन आपण जिंकलेल्या पॉटांतल्या जॅकपॉटच्या ओळींची बेरीज केली की अंदाज बांधावाच लागत नाही.

आता काउंटर कधी फुटतो ते बघू. नेहमीची अट अशी असते: हरणाऱ्या हातात चार अठ्ठ्या किंवा त्याहून मोठं काही हवं, हरणारा आणि जिंकणारा दोघांचेही हातातले दोन्ही पत्ते शेवटच्या पाचांत लागले पाहिजेत, चार सारखे असतील तर त्यातली जोडी हातातलीच हवी, आणि डाव शोडाउनपर्यंत, म्हणजे शेवटी पत्ते उघडेपर्यंत, गेला पाहिजे. टेबलावर किमान चौघांना पत्ते वाटलेले असावेत अशीही अट बहुधा असते.

उदाहरण घ्या. आपल्या हातात इस्पिक नव्वी आणि बदाम नव्वी. बोर्डवर चौकट नव्वी, किलवर नव्वी, किलवर अठ्ठी, किलवर सत्ती, बदाम दुर्री. समोरच्याकडं किलवर गुलाम आणि किलवर दश्शी. त्याचा सत्ती ते गुलाम स्ट्रेट फ्लश (एकाच चिन्हाचे ओळीनं पाच पत्ते) लागला, आपल्या चार नव्व्या हरल्या, जॅकपॉट फुटला. ९ लाखांची वाटणी अशी धरू: हरणाऱ्याला ३५ टक्के म्हणजे ३ लाख १५ हजार, जिंकणाऱ्याला साडेसतरा टक्के, १ लाख ५७ हजार ५००, तेवढेच उरलेल्या चौघांत, माणशी ३९,३७५. वीस टक्के पुढच्या जॅकपॉटचं बी म्हणून आत राहतात आणि दहा टक्के, ९० हजार, चालवणाऱ्याचे. म्हणजे काउंटरवर ९ लाख दिसले तरी टेबलावर येतात ६ लाख ३० हजार. जाहिरातीत यातला पहिलाच आकडा असतो.

आता तोच डाव थोडा बदला. बोर्डवर तीन नव्व्या, किलवर अठ्ठी, किलवर सत्ती, आणि आपल्या हातात एक नव्वी आणि एक्का. पुन्हा चार नव्व्या, समोर पुन्हा तोच स्ट्रेट फ्लश, आणि जॅकपॉट शून्य. जोडी हातात नव्हती. असे ‘अगदी थोडक्यात हुकलेले’ डाव लोकांना आठवणीत राहतात आणि जॅकपॉट जवळ आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो अटीबाहेरच होता.

दहा जणांचं टेबल, कुणीही पत्ते टाकत नाही, सगळे शेवटपर्यंत राहतात, जोडीची अटही सोडून दिली, असं धरलं तर चार अठ्ठ्या किंवा त्यावरचा हात हरण्याची वेळ साधारण १ लाख ५५ हजार डावांतून एकदा येते. यातला निम्म्याहून जास्त हिस्सा क्वाड्स (चार सारखे पत्ते) विरुद्ध स्ट्रेट फ्लश या लढतीचा असतो. क्वाड्सवर क्वाड्स हे त्याहून बरंच विरळ.

सगळं प्रकरण फिरतं ते खुर्च्यांच्या संख्येवर. असा डाव घडायला दोन माणसं लागतात. दहा जणांत दोघांच्या जोड्या ४५ होतात, सहा जणांत १५. शक्यता बरोबर एक तृतीयांश झाली, म्हणजे ४ लाख ६५ हजार डावांत एकदा. ड्रॉप मात्र पाचच रुपये. शिवाय खरे लोक पत्ते टाकतात. किलवर पंजी-छक्की घेऊन पहिल्या जागेवरून कोण येतं? फ्लॉपवर (पहिले तीन सामाईक पत्ते उघडल्यावर) नुसती शक्यता दिसत असताना मोठी बेट आली की निम्मे हात तिथंच मरतात. म्हणून प्रत्यक्षात ही शक्यता निम्मी धरणं रास्त आहे: साडेनऊ लाखांच्या जरा आत एकदा. पुढं दोन्ही आकडे चालवू, एक उदार आणि एक व्यवहारी.

काउंटर किती झाल्यावर ड्रॉप वसूल होतो? टेबलावरून प्रत्येक डावाला सरासरी २ रुपये जातात, आणि बाहेर येतात काउंटरच्या ७० टक्के. दोन गुणिले ४ लाख ६५ हजार, भागिले ०.७: १३ लाख २८ हजार. व्यवहारी शक्यतेनं २६ लाख ५७ हजार. काउंटर आहे ९ लाखांवर. त्या वेळी टाकलेल्या प्रत्येक रुपयामागं परत येण्याची सरासरी उदार हिशेबानं ६८ पैसे आणि व्यवहारी हिशेबानं ३४ पैसे.

हाच ९ लाखांचा काउंटर दहा खुर्च्यांच्या टेबलावर बघा. ड्रॉप तेवढाच आणि १०० रुपयांवरचे पॉटही तेवढेच धरले तर उदार हिशेबानं ४ लाख ४३ हजारांनाच वसुली होते, व्यवहारी हिशेबानं ८ लाख ८६ हजारांना. म्हणजे तिथं बसणाऱ्याला तोच काउंटर जेमतेम का होईना परवडतो. आणि डबा दोघांचा एकच असेल तर सहा खुर्च्यांवरचे लोक दहा खुर्च्यांवरच्यांचा जॅकपॉट भरून देतात. भिशीत हप्ता सारखा आणि पाळी प्रत्येकाची. इथं हप्ता सारखा, पण एका टेबलाची पाळी तीनदा येते तेव्हा दुसऱ्याची एकदा. नियमांच्या पानावर हे कुठंच लिहिलेलं नसतं, कारण लपवायला काही नसतंच. खुर्च्या मोजायच्या, बस्स.

आता पुन्हा आपल्या माणसाकडं. वर्षाला १ लाख ४४ हजार डाव खेळून त्याच्या टेबलावर जॅकपॉट फुटणार सरासरी सव्वातीन वर्षांतून एकदा, व्यवहारी हिशेबानं साडेसहा वर्षांतून एकदा. पण टेबलावर फुटला म्हणजे त्याला मोठा वाटा मिळाला असं नाही. सहातल्या चार वेळा तो नुसता बसलेला असणार आणि ३९ हजारांवर समाधान मानणार. हरणारा हात त्याचाच असावा ही गोष्ट १९ वर्षांतून एकदा, नाहीतर ३९ वर्षांतून एकदा. आणि परत येणाऱ्या सरासरीतला बरोबर अर्धा पैसा त्याच एका घटनेत अडकलेला आहे. ‘रुपयाला ६८ पैसे परत’ हे वाक्य कागदावर बरोबर आहे. खेळणाऱ्याच्या खात्यात मात्र वर्षानुवर्षं ३४ पैशांच्याही खालीच दिसत राहतं. एका वर्षात काहीच न फुटण्याची शक्यता उदार हिशेबानं ७३ टक्के, व्यवहारी हिशेबानं ८६.

त्यावर कर, त्या वर्षाच्या नियमांप्रमाणं. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर आयकर कायद्याच्या कलम ११५बीबीजे खाली सरसकट ३० टक्के कर, वर ४ टक्के उपकर, मिळून ३१.२ टक्के. टीडीएस पैसे काढताना किंवा वर्षअखेरीला कापला जातो. निव्वळ म्हणजे त्या वर्षात काढलेले आणि खात्यात शिल्लक राहिलेले पैसे, वजा भरलेले आणि सुरुवातीची शिल्लक. त्यामुळं त्या वर्षाचा ड्रॉप आपोआप वजा होतो. मागच्या वर्षांचा होत नाही. तोटा पुढं ओढता येत नाही आणि पगारातूनही वळता होत नाही. जॅकपॉट येतो एका वर्षात, ड्रॉप गेलेला असतो अनेक वर्षांत. ३ लाख १५ हजार पूर्ण करपात्र ठरले तर ९८,२८० कराला जाऊन २ लाख १६ हजार ७२० उरतात. हा झाला साडेचार वर्षांचा ड्रॉप, आणि तो यायचा आहे एकोणीस वर्षांतून एकदा.

जीएसटीचा धागाही यात आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून खात्यात भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लागला. पुष्कळ साइट तो बोनस देऊन भरून काढत; तरी ज्याला तो अंगावर पडे त्याला ४,००० रुपयांचा ड्रॉप भरून काढायला ५,१२० रुपये टाकावे लागत.

जॅकपॉट टेबलाच्या बाजूनं एकच मुद्दा वजनदार आहे, आणि तो जॅकपॉटचा नाहीच. काउंटर बघून येणारी गर्दी सैल खेळते. दुर्री-सत्ती एका चिन्हाची आहे म्हणून कॉल करणारे, कुठल्याही जोडीवर शेवटपर्यंत पैसे घालणारे लोक तिथं जास्त. अशा टेबलावर आपल्या माणसाची कमाई ४ वरून साडेपाच ब्लाइंडवर गेली असं धरू. दीड ब्लाइंडचा फायदा. ड्रॉपमधून परत येणारं वजा केल्यावर खरा खर्च उदार हिशेबानं १.०८ आणि व्यवहारी हिशेबानं २.२ ब्लाइंड. दीड या दोन्हींच्या मधे पडतो. म्हणजे परवडेलही, न परवडेलही.

नोंदी बघून ठरवू म्हणाल तर तेही जमत नाही. सहा खुर्च्यांच्या नो-लिमिटमध्ये १०० डावांमागं चढउतार ९५ ब्लाइंडच्या आसपास असतो. १ लाख ४४ हजार डावांनंतरही सरासरीतली अनिश्चितता अडीच ब्लाइंड राहते. अडीचच्या धुक्यात दीडचा फरक शोधायचा! वर्षभर खेळून ‘जॅकपॉट टेबलावर मी जास्त कमावतो’ असं छातीठोक सांगणाऱ्याला आकडेवारीचा आधार नसतो. ड्रॉप मात्र पैशापर्यंत नक्की आहे. म्हणून सैल गर्दीच हवी असेल तर साध्या टेबलांच्या लॉबीत फ्लॉप बघणाऱ्यांचा टक्का आणि सरासरी पॉट या दोन रकान्यांवरून टेबल निवडावं. त्याला पाच रुपये पडत नाहीत.

मोठ्या स्टेकवर चित्र थोडं सौम्य होतं. २५/५० वर ड्रॉप तेवढाच ठेवला तर १०० रुपयांची मर्यादा बहुतेक पॉट ओलांडतात. १०० पैकी ७० धरा. तरी माणशी ५८ रुपये, म्हणजे १.१७ ब्लाइंड. ठरावीक रुपयांचा ड्रॉप छोट्या टेबलालाच जास्त चावतो.

यापेक्षा मोठं नुकसान होतं ते खेळ बिघडल्यानं. काउंटर डोळ्यासमोर असला की लोक दुर्री ते सत्तीपर्यंतच्या जोड्या महागात कॉल करतात. त्यांच्या क्वाड्स अटीतच बसत नाहीत. हातात चार राण्या आल्या की बेट न करता ‘समोरच्याचा स्ट्रेट फ्लश लागू दे’ म्हणून थांबतात आणि हक्काचा पॉट लहान करून घेतात. १०० डावांत असे सहा जादाचे हात खेळून प्रत्येकी सरासरी एक ब्लाइंड गमावला तरी ६ ब्लाइंड गेले. ड्रॉपच्या जवळपास दुप्पट. चॅटमध्ये ‘जॅकपॉट आहे, टाकू नको’ असं लिहिलं तर संगनमत धरून रक्कम रद्द करणारे नियम असतात. डाव चालू असताना रेंज गेली आणि वेळ संपला की हात फोल्ड होतो. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढं बसून खेळणाऱ्यानं हा धोका धरूनच चालावं. ‘सिट आउट’ करून चहाला गेलेल्याला टेबलाचा वाटाही मिळत नाही.

आता आजची स्थिती. कर्नाटकानं २०२१ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले होते. ती कलमं उच्च न्यायालयानं १४ फेब्रुवारी २०२२ ला रद्द केली आणि इथला खेळ पुन्हा चालू झाला. मग केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला: लोकसभा २० ऑगस्ट २०२५, राज्यसभा २१ ऑगस्ट, राष्ट्रपतींची संमती २२ ऑगस्ट. कौशल्य की नशीब हा वादच त्यानं बाजूला ठेवला. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ पुरवणं बंद. पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. नुसत्या खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. देशातल्या नामांकित साइटनी त्याच आठवड्यात पैशाची टेबलं बंद केली.

तेव्हा बेळगाव, निपाणी, चिकोडीकडच्या माणसाला आज पैशाचं जॅकपॉट टेबल दिसतं ते एजंटमार्फत चालणाऱ्या क्लबच्या ॲपवर. ॲपमध्ये नुसत्या चिप्स, पैशाची देवाणघेवाण बाहेर, रोखीत किंवा कुणाच्या तरी यूपीआयवर. वरचं परताव्याचं गणित तिथं लागू पडत नाही, कारण त्यातला ७० टक्क्यांचा आकडाच कुणी तपासत नाही. ड्रॉप रोज कापला जातो. डबा फुटला तर ३ लाख १५ हजार कोण देणार, एजंट की त्याच्या वरचा? एजंटानं फोन बंद केला तर पोलिसांत काय सांगणार? फसवणूक झालीच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, पण बेकायदा चिप्सचा हिशेब सोबत न्यावा लागतो. अशा ठिकाणी परताव्याची शक्यता शून्य धरूनच ड्रॉप मोजावा: ५/१० वर १०० डावांमागं ३.३३ ब्लाइंड, पूर्ण खर्चात.

चोर्ला घाट उतरून पणजीला जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा. प्रत्यक्ष टेबलावर जॅकपॉटचा ड्रॉप दिसला तर बसण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात: ड्रॉप किती रकमेच्या पॉटवर पडतो, काउंटरपैकी किती टक्के टेबलावर येतात, आणि डबा एका टेबलाचा आहे की सगळ्यांचा मिळून. नऊ खुर्च्यांच्या टेबलावर जोड्या ३६ होतात, म्हणजे उदार हिशेबानं १ लाख ९४ हजार डावांत एकदा. डीलर पत्ते वाटतो तिथं तासाला २८ डाव झाले तरी खूप. शनिवार-रविवार मिळून २० तास बसलं तर ५६० डाव. टेबलावर जॅकपॉट फुटलेला बघायला अशा ३४६ फेऱ्या लागतात. महिन्याला एक फेरी धरली तर जवळपास २९ वर्षं, आणि त्यातही नऊतल्या सात वेळा आपण नुसते बसलेले.